‘अभिलेखात उपलब्ध नाही’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. माहितीच्या अधिकाराखाली मी केलेल्या अर्जाला जिल्ह्यातील एका कार्यालयाकडून गेल्या सोमवारी एका ओळीचे उत्तर आले : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ अपस्माराचे, म्हणजे आपण ज्याला फिट येणे म्हणतो त्या आजाराचे, किती रुग्ण गेल्या पाच वर्षांत ठाणे जिल्ह्यात झोपेत अचानक दगावले, एवढेच मी विचारले होते. त्यांतला एक मला ठाऊक आहे. तो माझा मुलगा होता, वय २६.

आम्ही कळव्याला चाळीत एका खोलीत राहत होतो. तिथे रात्री त्याला फिट आली की त्याच्या घशातल्या घरघरीने सगळे घर जागे होई; कोणी त्याला कुशीवर वळवी, कोणी घड्याळ पाही आणि शेजारच्या वहिनी कांदा घेऊन धावत येत. (कांद्याने काही होत नाही हे पुढे कळले, पण त्या निमित्ताने माणूस धावून येत असे आणि खरे मोल त्याचेच होते, हे फार उशिरा कळले.) पुनर्विकासात मोठे घर मिळाले तेव्हा आम्ही हौसेने त्याला स्वतंत्र खोली दिली. गेल्या श्रावणात एका सकाळी तो त्याच खोलीत पालथा, उशीत तोंड गेलेला सापडला. दाराला कडीसुद्धा नव्हती.

त्यानंतर मी वाचू लागलो. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एक जण असा अचानक जातो. सर्वांग ताठ होऊन झटके देणारी मोठी फिट ज्यांना वारंवार, विशेषतः झोपेत येते, ज्यांची औषधे चुकतात आणि जे एकटे झोपतात, त्यांना धोका अधिक असतो. रुग्णालयात यंत्रे जोडलेली असतानाच दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की फिट ओसरल्यावर आधी श्वास बंद पडतो आणि मग हृदय. त्या मधल्या मिनिटांत कोणी हलवून, कुशीवर वळवून श्वास मोकळा केला तर माणूस वाचतोच असे नाही, पण वाचू शकतो. आमच्यात आणि त्याच्यात चार इंचांची भिंत होती, महोदय. दाखल्यावर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून सगळे मोकळे झाले, जणू जगात कोणी हृदयक्रिया चालू ठेवून मरतो!

अकरा वर्षे आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या रांगेत दरमहा उभे राहिलो. गाडी चालवू नको, पोहू नको, जागरण करू नको, हे सारे सांगितले गेले. झोपेत जीव जाऊ शकतो, हे कोणीही सांगितले नाही. मागाहून विचारले तेव्हा तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, “काका, सांगून घाबरवायचं कशाला?” अमेरिकेतल्या मेंदुविकारतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्येच रुग्णाला आणि घरच्यांना हा धोका सांगावा अशी शिफारस केली आहे. एका सकाळीत शंभरावर केसपेपर उपसणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. घाबरलो असतो, तर मी माझ्या मुलाच्या खोलीत अंथरूण टाकले असते.

तो जाण्याआधीच्या १७ नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या शिबिरात, एका अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून ‘गोळ्यांचा तुटवडा पडू देणार नाही’ असा शब्द दिला होता. टाळ्या मीही वाजवल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा खिडकीवरचे ‘पुरवठा नाही, बाहेरून घ्या’ हे उत्तरही आम्हांला निःशुल्कच मिळाले. बापाच्या पेन्शनवर भार नको म्हणून तो व्हॅल्प्रोएटची गोळी दोनदाऐवजी एकदाच घेत होता. हे मला त्याच्या उशाखालची पट्टी मोजल्यावर समजले.

देशात अपस्माराचे सव्वा कोटीच्या आसपास रुग्ण असल्याचे सांगतात. लोकसंख्येच्या प्रमाणात महाराष्ट्राच्या वाट्याला अकरा-बारा लाख धरा. हजारी एक म्हटले तरी वर्षाला हजार-बाराशे, म्हणजे रोज तीन. हिशेब ढोबळ आहे, कारण तो बाहेरच्या देशांतल्या प्रमाणावर एका निवृत्त कारकुनाने केला आहे. खोटा असेल तर आपण मोजून खोडून काढावा. रस्त्याच्या खड्ड्यात पडून मेलेल्याची निदान बातमी तरी होते.

आणि हो, एकतीस वर्षे मी सरकारी कचेरीत होतो. ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ हे वाक्य मीही शेकडो लोकांना सही-शिक्क्यानिशी पाठवले आहे. नोंद नाही म्हणजे घटना नाही, घटना नाही म्हणजे तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून पुन्हा नोंद नाही : या गिरणीत मीही पीठ दळले आहे. त्या लोकांच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मागणे फार नाही. निदान झाल्यावर केसपेपरवर हा धोका दोन ओळींत मराठीत लिहून द्यावा आणि रात्री खोलीत कोणी असावे हे घरच्यांना सांगावे. आशाताईंना कुशीवर वळवणे शिकवावे. फिट पाच मिनिटांवर गेली की थेट १०८ लावायला सांगावे. गोळ्या संपण्याआधी मागवाव्यात. दाखल्यावर अपस्माराचा उल्लेख सक्तीचा करावा.

त्या उत्तरावर प्रथम अपील करण्यास तीस दिवसांची मुदत आहे. मी ते चौथ्या दिवशीच दाखल केले. सोबत मुलाच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली आहे, म्हणजे निदान एक नोंद आता त्यांच्या अभिलेखात उपलब्ध आहे.

आपला,
एक निवृत्त लिपिक, कळवा, ठाणे