पत्ता हेही आजाराचे कारण असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मानसिक आरोग्यावर सातत्याने लेखन येते, याबद्दल प्रथम आभार. मात्र वेळेवर झोपा, रोज थोडे चाला, जवळच्या माणसापाशी मन मोकळे करा, हे त्यातील नेहमीचे सल्ले ज्याला स्वतःची खोली, निर्धास्त चालता येईल असा रस्ता आणि विश्वासाचा शेजार लाभला आहे, अशा वाचकालाच डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. ज्यांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, त्या वंचित समाजांच्या मनावर राहत्या जागेचा काय परिणाम होतो, याविषयी समुपदेशक म्हणून मी जे पाहिले आणि वाचले, ते मांडण्यासाठी हे पत्र.

नैराश्य तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास झाला का, हा त्यांपैकी एक. काही वर्षांपूर्वी तो विचारल्यावर समोरची तरुणी म्हणाली, "ताई, दाराची कडीच लागत नाही, तर झोप कुठून लागणार?" एका खोलीत पाच माणसे, त्यांतला एक जण रात्रपाळीला, बाहेर पहाटेपर्यंत भांडणे आणि दाराला आतून टेकवून ठेवलेली लोखंडी पेटी. कोणी दार ढकलले तर पेटीचा आवाज होईल म्हणून ती रात्रभर कानोसा घेत पडून राहायची. मी 'जवळजवळ रोज' या रकान्यात खूण केली. तिचे गुण वाढले, आजाराची तीव्रता ठरली. कडीची नोंद करायला मात्र त्या कागदावर जागा नव्हती.

जागा माणसाला आजारी करते, की आजारी माणसेच घसरत घसरत तशा जागी येऊन पोहोचतात, हा वाद जुना आहे. शिकागो शहरातील मनोरुग्णांचे पत्ते नकाशावर मांडून रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम यांनी 1939 मध्ये दाखवून दिले, की स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे रुग्ण शहराच्या मध्यभागातील गरीब, अस्थिर वस्त्यांमध्ये एकवटलेले आहेत. तरीही केवळ नकाशावरून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच होता.

त्याचे बरेचसे उत्तर अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगातून मिळाले. 1994 पासून तेथील पाच शहरांतल्या, अतिशय गरीब वस्त्यांमधील सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे 4,600 कुटुंबांसाठी चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि त्यांपैकी काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी अनुदान देऊ करण्यात आले. यातील बहुसंख्य कुटुंबे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. दहा ते पंधरा वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा प्रौढांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. त्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारले होते. खिशात तेवढेच पैसे असूनही केवळ भोवताल बदलल्याने मनावरचा भार हलका होतो, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

याच प्रयोगाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलींमध्ये नैराश्य घटले, तर मुलग्यांमध्ये नैराश्य आणि आघातोत्तर ताणविकार (भयंकर अनुभवानंतर मनात घर करून राहणारा त्रास) वाढलेले आढळले. त्याचे नेमके कारण काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण लंडनच्या दक्षिण भागातील एका अभ्यासाचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, ते यासोबत वाचावेत असे मला वाटते. ज्या भागात अल्पसंख्याकांचे प्रमाण कमी, तेथे त्यांच्यातील स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक, असे त्यात दिसून आले. आपली भाषा बोलणारी, आपल्याकडे संशयाने न पाहणारी माणसे आसपास असणे हे मनाला संरक्षण असते, आणि ते घराच्या क्षेत्रफळात मोजता येत नाही.

म्हणूनच वाईट वस्ती हटवा आणि माणसे दुसरीकडे नेऊन ठेवा, हा उपाय मला घातक वाटतो. अमेरिकेत शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या वस्त्या उठवल्या गेल्या, तेव्हा तेथील रहिवाशांचे जे झाले त्याला मिंडी फुलिलव्ह या मनोविकारतज्ज्ञ 'रूट शॉक' म्हणतात. रोप उपटून दुसरीकडे लावले की ते कोमेजते, त्यासाठीचा हा बागकामातला शब्द. अडीअडचणीला मूल सांभाळणारी शेजारीण, उधारी देणारा दुकानदार, रात्री-अपरात्री आजाऱ्याला उचलून नेणारी पोरे ही त्या माणसांची मुळेच असतात. मोठे आणि कोरडे घर मिळूनही बोलायला कोणी नाही म्हणून खचलेल्या स्त्रिया माझ्याकडे आल्या आहेत.

वस्ती आहे तेथेच सुधारली तर काय होते, हे फिलाडेल्फियात पाहिले गेले. तेथील 541 पडीक भूखंडांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करण्यात आले. एका गटातील भूखंडांवर गवत आणि काही झाडे लावून बुटके कुंपण घातले, दुसऱ्यातील केवळ कचरा उचलला आणि तिसरा गट तसाच ठेवला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरवळ केलेल्या भूखंडांजवळील रहिवाशांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण तुलनेने 41.5 टक्क्यांनी कमी झाले. नुसता कचरा उचलल्याने तसा ठोस फरक दिसला नाही. आपल्या गल्लीसाठी कोणीतरी काही राखले, हे रोज डोळ्यांना दिसणे आणि एकदाची साफसफाई होणे यांत अंतर आहे.

औषधे आणि समुपदेशन यांचे मोल मी कमी लेखत नाही. त्या तरुणीलाही दोन्हींची गरज होती. पण कडी बसवून घेतल्यानंतरच तिला सलग झोप लागू लागली आणि मग उपचारांचा गुण येऊ लागला. त्यामुळे माझ्या दोन कळकळीच्या मागण्या आहेत. तपासणीच्या प्रत्येक अर्जावर रुग्ण कोठे आणि किती जणांसोबत झोपतो, हे विचारले जावे. आणि एखादी वस्ती हलवणे खरोखरच अटळ असेल, तर शेजाऱ्यांना शेजारीच आणि जुन्या जागेपासून शक्य तितके जवळ घर द्यावे; कोणाला कोणाजवळ राहायचे आहे, याची यादी घरांची सोडत काढण्याआधी रहिवाशांनीच करावी.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक वाचक