पक्षाघाताच्या लेखात बायका कुठे आहेत?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला पक्षाघातावरचा लेख वाचला. सिगारेट, दारू, ऑफिसचा ताण, सगळे आले. बायकांच्या वाट्याला शेवटी एक ओळ. माहिती चांगली होती, पण अर्धीच होती, म्हणून हे पत्र.

गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे कित्येक वर्षांनीही हा धोका जास्त राहतो. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते; डोके असह्य दुखते, फिट येते, आणि घरात मात्र कानात वारे गेले म्हणून कापूस घातला जातो. महालक्ष्म्या आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. त्या हार्मोनच्या असतात, काहीजणींत गुठळीचा धोका वाढवतात. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत, गर्भनिरोधकही नाही. यातले काहीच लेखात का नाही?

माझ्या जाऊबाईंचे सांगते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील वाढताना त्यांच्या हातून पळी सुटली. उचलायला वाकल्या, तर बोटे पळीभोवती मिटेनात. बोलणे जड झाले, मीठ मागायचे तर भलताच शब्द तोंडात येई. कुणी म्हणाले पित्त, कुणी म्हणाले उपास लागला, पडू द्या थोडे. लिंबूपाणी पाजले, ते ओठाच्या कोपऱ्यातून गळून पदरावर सांडले. (अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नये, श्वासनलिकेत जाते.) पंगत उठेपर्यंत गाडी निघाली नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अशक्तपणा सांगून सलाईन लावले. सीटी स्कॅन झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ केव्हाच टळली होती. आज त्या डाव्या हाताने जेवतात.

त्याच घरात मामंजींचे तोंड वाकडे झाले होते, तेव्हा चपला घालायलाही कुणी थांबले नव्हते. बाईची तक्रार आली की ती थकली असेल, उपाशी असेल, मनाला लावून घेतले असेल, हेच आधी सुचते. घरातही आणि दवाखान्यातही. माझा राग यावर आहे.

जाता जाता आमच्या नागपुरातल्या धंतोलीबद्दलही छापा. एवढी इस्पितळे त्या गल्ल्यांत, आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. आमची गाडीही तिथेच अडकली होती. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असे तज्ज्ञ सांगतात. रस्ता मोकळा ठेवणे हे वाहतूक पोलिसांचे रोजचे काम नाही का?

२९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या दिवशी पहिल्या पानावर ठळक छापा: तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या इस्पितळातच न्या. त्रास किती वाजता सुरू झाला तेही लिहून ठेवा, उपचार त्यावरच ठरतात.

आपली,
एक वाचक, नंदनवन, नागपूर