शिक्षा कमी वाटली तर घरच्यांनी जायचं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

खुनाच्या केसचा निकाल लागला की बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलंच असतं, ‘निकालाविरुद्ध हायकोर्टात दाद मागणार असल्याचं नातेवाईकांनी सांगितलं’. आता हे नातेवाईक नेमकी कशाविरुद्ध दाद मागणार आणि कायद्यानं त्यांना ती मागता येते का, हे कोण छापतच नाही. तुमचा पेपरपण नाही, राग मानू नका.

माझं कसबा बावड्यात कोर्टाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मी काय वकील नव्हे, पण दिवसभर त्यांचेच कागद हातात असतात त्यामुळं थोडंफार कळतं.

आरोपीचं बघा. सेशन कोर्टानं जन्मठेप दिली तर हायकोर्टात अपील करायला 60 दिवस, फाशी असेल तर 30 दिवस, आणि फाशी तर हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देताच येत नाही. निकालाची कॉपी त्याला फुकट मिळते, कॉपी मिळायला लागलेले दिवस मुदतीतनं वजा होतात, उशीर झाला तर कारण सांगून माफ करून घेता येतो, वकील परवडत नसेल तर सरकार देतं, जेलमधनं अधीक्षकांच्या हातूनसुद्धा अपील पाठवता येतं. हे सगळं असायलाच पाहिजे, माझी काय तक्रार नाही त्याबद्दल.

पण मेलेल्याच्या घरच्यांचं काय? 2009 च्या आधी तर त्यांना अपीलच नव्हतं, सगळं सरकारच्या हातात. 31 डिसेंबर 2009 पासून सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या, कलम 372 ला जोड आली (आता त्याच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएस कायद्यात ते 413 झालंय) आणि तीन गोष्टींसाठी दार उघडलं: आरोपी सुटला तर, मोठ्या गुन्ह्याऐवजी छोट्या गुन्ह्यात दोषी धरला तर, आणि भरपाई कमी मिळाली तर. शिक्षा कमी वाटते म्हणून अपील करायचं हे त्यात नाही. दिल्लीच्या एका केसमध्ये ज्याच्या मुलाचा खून झाला तो बाप जन्मठेपेची फाशी करा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2020 मध्ये कोर्टानं सांगितलं की असं अपील तुम्हाला करताच येत नाही, ते फक्त सरकार करू शकतं.

मी स्वतः फाशीच्या बाजूचा नाही त्यामुळं त्या निकालाचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. पण मध्यंतरी गडहिंग्लजकडचं एक जोडपं दुकानात आलं. बांधावरनं झालेल्या मारामारीत पोरगं गेलेलं, केस 302 ची म्हणजे खुनाची चाललेली, कोर्टानं 304 भाग 2, म्हणजे खुनापेक्षा हलका सदोष मनुष्यवध, धरून सात वर्षं दिली. निकालाची जाडजूड कॉपी, त्यातलं शिक्षेचं तेवढं पान बाजूला काढून लाल पेनानं खाली रेघ मारलेली, त्याच्याच चार झेरॉक्स मागत होते. बाप म्हणाला, “खून खून म्हणून मला नाही भांडायचं, आमचं पोरगंबी तिथं भांडायलाच गेलतं, पण कायद्यात दहा वर्षं हायत तर सातच का?”

वकिलांनी त्यांना जे सांगितलं ते ऐकून मीच गार पडलो. हा खूनच आहे, 302 च लावा, असं अपील करता येईल म्हणे. सातची दहा करा, असं नाही करता येणार. म्हणजे माणूस समजुतीनं थोडं मागतोय तर त्याला दार बंद आणि स्वतःलाच पटत नाही ते जास्तीचं मागायला दार उघडं, ह्याला काय म्हणायचं? रिव्हिजनचा, म्हणजे वरच्या कोर्टानं निकाल तपासून बघावा असा, अर्ज असतो पण तो हक्क नव्हे, कोर्टाला वाटलं तर. नाहीतर सरकारी वकिलांच्या मागं फिरायचं, त्यांनी प्रस्ताव पाठवायचा, विधी व न्याय खात्यानं होय म्हणायचं, आणि तो गेला की नाही हेसुद्धा घरच्यांना कोण सांगत नाही.

दुसरी बाजूपण आहे, ती लपवत नाही. शिक्षा वाढवा म्हणून सरकार जेव्हा अपिलात जातं तेव्हा आरोपीला तिथं शिक्षा कमी करा किंवा मला सोडाच असं म्हणायची मुभा असते, घरच्यांना हक्क दिला तर त्यांनाही हा धोका पत्करायला लागेल. आणि प्रत्येकजण फाशीच मागत सुटेल, कोर्टं तुंबतील असंही काही वकील म्हणतात. असेलही. पण त्यासाठी हायकोर्टाची परवानगी घ्यायची अट घाला की, सरसकट बंद कशाला?

17 ऑगस्ट 2025 ला इथं मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे कोल्हापुरात बसणाऱ्या शाखेचं, उद्घाटन झालं तेव्हा अख्ख्या कोल्हापूरनं साखर वाटली, चाळीस वर्षांवर भांडून मिळवलेलं आहे ते. आता सहा जिल्ह्यांच्या लोकांना मुंबईचे हेलपाटे नाहीत, सीपीआर दवाखान्यासमोर उतरलं की हायकोर्ट. बेंचसाठी रस्त्यावर उतरलेल्या वकील मंडळींनी आणि आपल्या खासदारांनी 413 मध्ये ‘अपुरी शिक्षा’ हे दोन शब्द घालायची मागणी आता लावून धरावी. ती होईल तेव्हा होईल, तोवर निदान निकालानंतर सरकार अपिलात जाणार की नाही हे घरच्यांना महिन्याच्या आत लेखी कळवायची सक्ती करा, त्याला संसद लागत नाही, मंत्रालयातनं एक परिपत्रक निघालं तरी भागतंय.

आपला,
एक वाचक,
कसबा बावडा, कोल्हापूर