कात्री कुठे चुकते, तेही छापा

महोदय,

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख कळकळीचा आहे. पण 'लाल रक्तपेशीच्या केंद्रकात बिघाड होतो' हे वाचून, एकतीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलेल्या माझा हात लाल पेनाकडे गेलाच. रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीला केंद्रक नसतं. बिघडतं ते आधीच, अस्थिमज्जेत, पेशी कोवळी असताना.

पत्र लिहिण्याचं खरं कारण मात्र वेगळं. माझी भाची आणि तिचा नवरा, दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले. दोघांच्याही रिपोर्टवर 'आयव्हीएस 1-5, जी ते सी'. भारतातल्या बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा दोष हाच. बहिणीने फोनवर विचारलं, "ताई, पाचपैकी एक म्हणजे कमीच ना गं?"

संध्याकाळी भाचीच्या घरी ओट्याशी उभं राहून मी आपल्याच अंकाची कोरी कड फाडली आणि लिहिलं: शरदबखटपटदकपकड. मधलं 'खटपट' कापून टोकं जोडली, तीन-तीन अक्षरं वाचली, की 'शरद बदक पकड'. कात्री एक अक्षर आधी पडली, 'ब'ही गेला, तर 'शरद दकप कड'.

हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाची आरएनए प्रत निघते, तिच्यातही असे दोन फालतू तुकडे असतात, 130 आणि 850 अक्षरांचे. प्रत निघायला लागतानाच तिच्या तोंडाशी टोपी चढते, शेवटी दोनेकशे 'ए'ची शेपटी लागते, तुकडे कापले जातात. हे सगळं उरकल्यावरच ती केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडते. कुठे कापायचं ही खूण तुकड्याच्या सुरुवातीलाच असते. पहिल्या तुकड्यातलं पाचवं अक्षर (रिपोर्टवरचं '1-5' ते हेच) 'जी'चं 'सी' झालं, की कात्री कधी 16 अक्षरं अलीकडे पडते, कधी 38, कधी 13 पलीकडे. पेशीही तीन-तीन अक्षरंच वाचते, आणि यातल्या एकाही आकड्याला तीनने भाग जात नाही! क्वचित ती योग्य जागी पडते, म्हणून थोडं हिमोग्लोबिन बनतं. दोन्हीकडून हाच दोष आलेल्या मुलाला ते पुरत नाही. वाहक आईवडिलांच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के असते.

"आमच्या घराण्यात कुणाचं रक्त खराब नाही," असं आधी ठणकावणाऱ्या विहीणबाई पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे वाक्य बरोबरच होतं, कापायची खूण तेवढी पुसली." इतकं नेमकं उत्तर मला वर्गात क्वचितच मिळालं.

हे तुकडे 1977 मध्ये सापडले. त्या शोधासाठी रॉबर्ट्स आणि शार्प यांना 1993 चं नोबेलही मिळालं. मी मात्र फळ्यावर डीएनएकडून आरएनएकडे एकच बाण काढून पुढे जात असे. आपल्या पुढच्या लेखात तरी त्या बाणावर कात्री काढा. नमुन्यासाठी ती पट्टी सोबत जोडली आहे. कडेला आमटीचा डाग पडलाय, तेवढा चालवून घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज