बंड्या, तुलाच विचारतोय

प्रिय बंड्या,

तुझे मेसेज बघितले होते. निळी खूण दिसली असणारच तुला, त्यामुळे नेट नव्हतं वगैरे थापा मारत नाही. फोन मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू पहिल्या दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळा होतोस आणि मला आत्ता निकाल नकोय, आधी सगळं ऐकून घेणारं कुणीतरी पाहिजे. म्हणून टायपत बसलोय. लांबण लागणार आहे, तेव्हा निवांत वाच, मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचू नकोस.

तब्येत ठीक. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात, डॉक्टर म्हणाले जातील. वजन उतरलंय, ते चढेल परत. बास.

तर शिखर झालं नाही. हे तुला काकांकडून कळलंच असेल, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्यांनी काय सांगितलं असेल तेही मला पाठ आहे: दीडशे मीटर राहिले होते, हवा स्वच्छ होती, आणि हा वळला. शब्द न् शब्द खरा आहे रे, फक्त क्रम उलटा आहे. वळलो तेव्हा हवा स्वच्छ नव्हती. वळल्यावर झाली.

आदल्या संध्याकाळपासून सांगतो. समिट कॅम्पला सॅटेलाइटवर फोरकास्ट आलं. वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, दुपारपर्यंत आकाश मोकळं, बर्फ संध्याकाळनंतर. पोरं खूश. या पिढीला फोरकास्ट म्हणजे गाडीचं टाइमटेबल वाटतं, लेट झाली तर तक्रार करता येईल असं. मी त्यांना समजावून सांगितलं की बाबांनो, हवामानाचं चांगल्यातलं चांगलं जागतिक मॉडेल घेतलं, अगदी युरोपियन, तरी त्याचा एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा असतो. नऊ किलोमीटरमध्ये आपली दरी, आपली खिंड, आपली धार, शेजारचं ग्लेशियर सगळं बसतं आणि त्या सगळ्याची मिळून एकच उंची धरलेली असते. आपलं टोक त्या हिशेबात जवळजवळ नसतंच. मोठा वारा कुठल्या बाजूने येतोय, मोठी सिस्टिम कधी येतेय हे ते छान सांगतं, पण सकाळी सात वाजता आपल्या धारेवर ढग चढेल का, ते त्याला कुठून कळणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक जण म्हणाला, 'पण दादा, उद्या क्लिअर आहे ना?' कपाळ!

रात्री बाहेर यावं लागलं (कशाला ते विचारू नकोस, हल्ली जरा जास्तच यावं लागतं) तर चंद्राला खळं. पूर्ण गोल, मोठं. म्हणजे वर बर्फकणांचा पातळ पडदा आलेला. असा पडदा दरवेळी मागून काही घेऊन येतोच असं नाही, पण बऱ्याचदा येतो. आत येऊन घड्याळ बघितलं तर संध्याकाळपेक्षा उंची चाळीस मीटरने वाढलेली. म्हटलं वा, झोपल्या झोपल्या चाळीस मीटर चढलो, असंच अजून काही रात्री झोपून काढलं तर समिट! तुला काय सांगायचं, ते घड्याळ उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतं, आणि दाब घसरला की त्या बिचाऱ्याला वाटतं आपण वर गेलो. साडेपाच हजाराच्या पुढे एका मिलीबारला साधारण पंधरा मीटर धर, म्हणजे अडीच-तीन मिलीबार गेले होते. फार नाहीत. रोजची थोडी खालीवर चालूच असते. मीही तेच म्हणालो आणि अडीचला निघालो. चांदण्या अशा की हेडटॉर्च बंद करून चालावं.

खिंडीपर्यंत सगळं मस्त. बुटांखालचे खिळ्यांचे क्रॅम्पॉन कर्रकर्र वाजत होते, बर्फ कडक, पोरांचा दमही चांगला. उजाडलं तेव्हा पश्चिमेकडच्या मोठ्या शिखरावर टोपी बसलेली दिसली. तो मसुरासारखा गुळगुळीत ढग असतो ना, वारा सुसाट वाहत असतो आणि ढग मात्र जागचा हलत नाही, तो. पण ती तिकडे, लांब. आपल्याकडे काही नाही. उलट सहाच्या सुमारास वारा एकदम पडला. पोरं म्हणाली, नशीब. मला ते काही आवडलं नाही. मग दहा मिनिटांनी झुळूक आली ती उलट्या बाजूने, दरीतून. आणि तिच्यामागून ढग. अरे सात वाजता! उन्हाने उतार तापले की खालून ढग चढतात, पण ते दहा-अकराला. हा सातलाच आला, आणि येताना धारेचा एकेक टप्पा खात आला. आधी आम्ही जिथून वर आलो ती खाच गेली, मग तो काळा सुळका गेला, मग दोरावर माझ्यामागे शेवटचा मुलगा होता तो गेला. नुसती दोराची लाल रेघ पांढऱ्यात शिरलेली दिसत होती. माझ्या बुटांपुढे वर-खाली कळत नव्हतं, बर्फ आणि हवा एकाच रंगाची. ती धार तुला माहीत आहे, पूर्वेच्या अंगाला सगळी कॉर्निस, खाली आधार नसलेला बर्फाचा छज्जा. दिसत असताना चार-पाच मीटर आतून चालतो आपण, ठीक आहे. दिसेनासं झाल्यावर आत कुठे आणि बाहेर कुठे? चढताना तरी चढ असतो, पाय सांगतात. उतरताना काय सांगणार?

वीसेक मिनिटं थांबलो. त्यात थंडी. उणे अठरा-वीस असेल, त्याचं काही नाही, पण झोत येत होते पन्नासच्या वेगाने, आणि उणे वीसला पन्नासचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे पस्तीस. दोर अडकवायचा कॅराबिनर उघडायला वरचा हातमोजा काढला होता, ती ही दोन बोटं. मग म्हणालो, चला खाली.

कुणी वाद घातला नाही. तेच जास्त लागलं. एकाने फक्त विचारलं, 'दादा, अर्धा तास अजून?' मी नाही म्हणालो.

आणि खिंडीत उतरून पाठपिशव्या टेकतोय तोवर वर सगळं उघडलं. निळंशार. पलीकडच्या बाजूने आलेली टीम शिखरावर, मुंग्यांएवढी माणसं, एकाने झेंडा की काय ते हलवलं. पोरांनी फोनवर झूम करकरून बघितलं. मी बूट काढून मोज्यातला बर्फ झाडत बसलो, बराच वेळ झाडला. संध्याकाळी बर्फ पडला, पण तो रोजच पडत होता, आणि तोवर ती माणसं आपापल्या टेंटमध्ये घोरत असणार. म्हणजे माझ्या बाजूने साक्ष द्यायला हवाही आली नाही. ज्यांनी पाठवलं होतं त्यांच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे: 'नेत्याच्या निर्णयानुसार मोहीम मागे घेण्यात आली.' मराठी शुद्ध आहे, तक्रार कशाची करू!

खाली आल्यावर पोरांचं तोंड बघवेना म्हणून मी त्यांना योरान क्रॉप सांगितला. स्वीडनहून सायकल मारत एव्हरेस्टला आला, मे १९९६ मध्ये शिखर शंभरेक मीटरवर असताना उशीर झाला म्हणून वळला. आठवड्याभरात १० मेचं ते वादळ आलं, दोन्ही बाजू धरून आठ माणसं गेली, आणि हा २३ मेला परत जाऊन बिनऑक्सिजनचा चढून आला. पोरांना आवडली गोष्ट. मला सांगताना मात्र कसंतरीच होत होतं. ती गोष्ट सांगायला बरी वाटते कारण तो परत जाऊन चढला. वळले आणि परत गेलेच नाहीत अशांच्या गोष्टी कोण सांगतं?

तू आत्ता तुझ्या त्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाचं, हर्मन बूलचं नाव काढणार. काढ. मी रोज रात्री काढतोय. १९५३ ला नंगा पर्वतावर त्याला खालून हुकूम होता की उतरा. ऐकलं नाही. एकटा गेला, ३ जुलैला संध्याकाळी सातला ८,१२६ मीटरवर, आणि उतरताना अंधार पडला म्हणून एका अरुंद कपारीवर रात्रभर उभा. टेंट नाही, स्लीपिंग बॅग नाही. ती रात्र शांत गेली म्हणून तो तुझा देव. वारा सुटला असता तर आपण त्याचं नाव धडा म्हणून घेतलं असतं. बरं, पुढे १९५७ ला चोगोलिसा शिखरावर जोडीदार कुर्ट डिम्बेर्गरबरोबर गेला, वरती अचानक वादळ आलं, तेव्हा दोघेही शहाण्यासारखे वळले. दोर बांधलेला नव्हता. मागून येणारा बूल पुढच्याच्या पावलांवरून जरासा बाजूला गेला आणि कॉर्निससकट खाली. सापडलाच नाही. म्हणजे ऐकलं नाही तेव्हा वाचला आणि वळला तेव्हा गेला. यातून तू कसले नियम काढायचास रे रात्र रात्र? मला तर एकही सापडत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, त्या वर्षी घळीच्या तोंडाशी तू आम्हाला वळवलंस ते चूकच होतं. मी अजूनही तेच म्हणतो. तो ढग नव्हताच, चष्मिस म्हणायचा तसं आपल्याच स्टोव्हची वाफ होती ती. त्यावरून आपण किती दिवस बोललो नाही ते मोजत नाही. मी माफी मागायला लिहितोय असं वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाक.

आता मुद्द्याचं. हे मी कुणालाच बोललो नाहीये. त्या रात्री टेंटमध्ये घड्याळावर चाळीस मीटर वाचले ना, तेव्हा मला हायसं वाटलं. काळजी वाटली नाही, हायसं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. निघालो मी, पावलं टाकली, पोरांना हसवलं, पण त्या क्षणानंतर मी खुणा वेचतच होतो रे. टोपी दिसली, एक. वारा पडला, दोन. उलटी झुळूक, तीन. खुणा खोट्या नव्हत्या, त्या आपण दोघांनी मिळूनच शिकलेल्या आहेत. पण कोर्टात वकील जसा आपल्या बाजूचे कागद तेवढे पुढे करतो तशी मी त्यांची थप्पी लावत होतो, हे मला तिथेच कळत होतं. खिंडीतल्या त्या जुन्या प्रकारानंतर मी धारेवर पूर्वीसारखा उभा राहत नाही हे फक्त तुला माहीत आहे. मग सांग, मी ढगामुळे वळलो की ढग आला म्हणून माझी सोय झाली?

बायको म्हणते, सगळे धड घरी आलात, आता कीस कशाला पाडतोस. तिचं बरोबर आहे. पण धड परत आलो यावरून निर्णय बरोबर होता असं म्हणायचं, तर मग पलीकडची टीमही धडच परत आलीये, आणि शिखर करून आलीये. म्हणजे दोघेही बरोबर? निकाल लागून उपयोग नाही, मला कारण पाहिजे. कारण मला पुढच्या सीझनला परत घेऊन जा म्हणतायत, तीच पोरं, तोच डोंगर, आणि माझी खरी भीती ही आहे की या वेळच्या वळण्याची भरपाई करायला, मी घाबरलो नाहीये हे स्वतःला दाखवायला, मी त्यांना एखाद्या सकाळी ढगात घेऊन जाईन. त्या दिवशी सगळ्या खुणा समोर असतील आणि मी म्हणेन, छे, हा तर माझा भित्रेपणा बोलतोय, चला. असं झालेलं आहे लोकांचं. आपल्याच माहितीतल्या एकाचं झालंय, नाव लिहीत नाही.

म्हणून तुला विचारतोय, आणि फिरवाफिरवी करू नकोस. त्या वर्षी घळीच्या तोंडाशी 'मागे फिरा' म्हणालास तेव्हा तुला आतून कसं वाटलं होतं? हायसं वाटलं होतं का? मी तेव्हा भांडण्यात एवढा रमलो होतो की हे विचारायचं सुचलंच नाही. तुला हायसं वाटलं असेल आणि तरी त्यानंतर तू तेवढ्याच तोलाने लोकांना वर नेलं असशील, तर मी हो म्हणून टाकतो. नसेल वाटलं, तर तसं सांग, मग मी बेस कॅम्पपर्यंत जाईन, रेडिओवर बसेन, धारेवर दुसऱ्या कुणाला तरी पुढे घालू दे. मला त्यात कमीपणा नाही. म्हणजे आहे, पण चालेल. महिनाअखेरीला त्यांना कळवायचंय, त्याच्या आधी लिही.

तुझं सगळं वाचलं होतं हां. आईंचं ऑपरेशन नीट झालं, बरं झालं, त्यांना नमस्कार सांग. नवी पोस्ट मिळाली त्याबद्दल अभिनंदन, आता तरी नीट इस्त्रीचे शर्ट घाल. वहिनींना सांग त्यांनी पाठवलेली कानटोपी वरपर्यंत गेली होती, जिथपर्यंत मी गेलो तिथपर्यंत. आणि पोरगा वॉल क्लाइंबिंगला जायला लागला म्हणालास, तुझ्यासारखा पाय उचलायच्या आधी तोंड उचलत नसला म्हणजे मिळवली.

तुझा,
पक्या

ता.क. माझा निळा हार्नेस तुझ्याकडे पडून आहे, तो पोराला देशील आणि म्हणशील काकाची आठवण. देऊ नकोस. दहा वर्षांच्या पुढे गेला की धागा वरून कितीही धड दिसला तरी भरवसा नसतो, आणि त्याच्या बिले लूपची, म्हणजे भार घेणाऱ्या पुढच्या कापडी कडीची, शिलाई तर तेव्हाच उसवायला लागली होती. कात्रीने दोन तुकडे करून टाक, नाहीतर कचऱ्यातून उचलून कुणीतरी वापरेल.