रात्रपाळीच्या सिस्टर, ती किल्ली दिल्याबद्दल

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला उगाच कुणी काही विचारायला नको. पावसात, मध्यरात्र उलटल्यावर पहिलटकरीण घेऊन आलेली गावची आशा कार्यकर्ती, एवढी ओळख पुरे. पोरगी आत गेली, तिची सासू दारापाशी टेकली आणि तुम्ही खिशातून बँडेजच्या पट्टीला बांधलेली किल्ली काढून माझ्या हातात ठेवलीत. "आमच्या स्टाफच्या बाथरूमची आहे. आतून कडी नीट लागते. सकाळपर्यंत राहू दे तुमच्याकडे." मी मागितलीही नव्हती.

पेशंट घेऊन निघताना आम्ही आशा पाणी बेतानं पितो. रात्रभर दवाखान्यात थांबायचं तर बाईमाणसाला पहिली चिंता तीच असते, आणि त्या रात्री माझी पाळीही सुरू होती. याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात विचारलं होतं, तर खुर्चीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पब्लिकचं बाहेर आहे." बाहेर दिवा नव्हता, नळाला पाणी नव्हतं, दाराला कडी नव्हती. एका हातानं दार ओढून धरलं आणि निभावलं. वर सकाळी त्याच बाई, "आशा झोपा काढायला येतात."

बोलणाऱ्यांची काय कमी आहे! मार्च २०२० मध्ये आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्याच लोकांच्या दारात घरोघरचा सर्व्हे करायला गेलो, तर दार उघडायचे नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी पेढे वाटले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनवाढीसाठी आझाद मैदानात बसलो, तर गावातली शिकलीसवरली माणसं म्हणाली, दोन तासांच्या कामाचे किती पैसे पाहिजेत यांना? मार्चमध्ये पाच हजारांची वाढ जाहीर झाली, तीही काहींना खुपली. कागदोपत्री आम्ही स्वयंसेविका, म्हणून पगार नाही. बाळंतपण मात्र दोन तासांत आटपायचं ठरवून येत नाही. जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात एका बाळंतपणामागे आशाला ६०० रुपये आहेत, त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांचे. उरलेल्या ३०० मध्ये ही अख्खी रात्र आली.

पैशासाठी भांडता येतं, सिस्टर. मोर्चा काढता येतो, निवेदन देता येतं. पण रात्री अडीच वाजता बाथरूमची किल्ली द्या, असं निवेदन कुणाला द्यायचं?

तुम्हीही कंत्राटावरच आहात, हे मला नंतर मावशींकडून कळलं. म्हणजे तुमचीही ऑर्डर दरवर्षी लटकलेली. राग काढायला तुमच्याकडेही कारणं भरपूर असतील, आणि आपल्याकडे राग नेहमी आपल्याहून खालच्यावरच निघतो. साहेब डॉक्टरांवर, डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर मावशीवर, आणि आशा तर सगळ्यांचीच. तुमच्यापाशी ती रांग थांबली. असं वागायला ना शिक्षण लागतं ना बजेट. आमच्याकडच्या एसटीचे एक कंडक्टर आहेत, डोक्यावर पाटी असलेल्या बाईला आधी चढू देतात आणि मगच घंटी मारतात. त्यांचं कधी कुठं नाव आलेलं पाहिलं नाही. सत्कार भलत्यांचेच होतात.

किल्ली परत देताना तुम्ही लेबर रूममध्ये होतात, म्हणून मावशींकडे दिली आणि पहिल्या गाडीनं निघाले. आभार राहूनच गेले, ते हे. पोरगी बरी आहे, बाळाचं वजन चांगलं वाढतंय. पुढच्या महिन्यात गावातल्या दोघींना सोनोग्राफीला घेऊन येणार आहे. तुमची दिवसपाळी असेल तर भेटते. रानात शेंगा निघाल्यात, थोड्या घेऊन येईन. नको म्हणू नका.

तुमची,
एक आशा