मेची तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

व्हिसा हातात आला तरी तुमचं "बघू पुढे" काही संपेना, म्हणून मीच मेची लंडनची तिकिटं काढून टाकली. बाबा, रागावू नका. यंदा गणपतीला मला सुट्टी नाही, आणि तुम्हाला पाहायला आणखी वर्षभर थांबणं माझ्याच्याने होणार नाही. आगाऊ काढल्यामुळे तिकिटं स्वस्तात पडली. शिवाय मे महिन्यात सांगलीत उन्हाने जीव नकोसा होतो, आईला ते सोसतही नाही हल्ली.

"एवढ्या मोठ्या शहरात आम्ही काय करणार?" असं आई विचारत होती. आई, लंडनमध्ये मोठा रस्ता सोडून बोळात वळलं की गलका मागे राहतो. सेंट पॉलच्या चर्चपासून जवळच एक बाग आहे, तिचं नावच पोस्टमन्स पार्क! बाबा, ही खास तुमच्यासाठी. जुन्या दफनभूमीच्या जागेवर 1880 मध्ये ती खुली झाली. शेजारीच पोस्टाचं मुख्य ऑफिस होतं, तिथले लोक दुपारी इथे डबा खायला येत. एका पडवीत भिंतीवर चिनी मातीच्या फरशा बसवल्यात. दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांची नावं त्यांवर आहेत. वॉट्स नावाच्या चित्रकाराने 1900 मध्ये हे स्मारक उभारलं. अॅलिस एअर्स ही गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी. 1885 मध्ये तिने पेटलेल्या घरातून तीन मुलं वाचवली आणि ती स्वतः गेली. ते वाचताना पुराच्या वर्षीचे तुम्ही आठवलात, कमरेभर पाण्यातून लोकांच्या मनीऑर्डरी पोचवणारे. मी कितीतरी वेळ तिथून हललेच नाही.

आईसाठी सेंट डन्स्टन. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च उद्ध्वस्त झालं. उरलेल्या भिंतींच्या आत पुढे बाग केली. काचा नसलेल्या उंच खिडक्यांतून वेली आत उतरल्यात, मधोमध लहानसं कारंजं आहे. आई, तू प्रत्येक वेलीचं पान चुरगाळून वास घेशील, मला माहीत आहे. हॉलंड पार्कात तर मोर मोकळे फिरतात.

आणि लिटल व्हेनिसला कालव्याच्या काठाने हळूहळू चालत हाउली प्लेसला जायचं. दहा नंबरच्या घरावर लोकमान्यांच्या नावाची निळी पाटी आहे. 1918-19 मध्ये, चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्याच्या वेळी, ते तिथे राहत होते. आजोबांना केवढा आनंद झाला असता!

चालण्याची काळजी करू नका. बागेत बाकं आहेत, बसची पायरी बुटकी असते, आणि दमलात की आपण घरी. मेमध्ये रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, घाई कसलीच नाही. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. तुमच्या खोलीला लागूनच बाथरूम आहे. बाबांचा सकाळचा चहा मीच करीन, आलं ठेचून. आणि आई, एक दिवस तरी मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंय. केसांना तेल लावून दे, लहानपणी द्यायचीस तसं.

आता नीट ऐका. शुगर आणि बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासाचा विमा मी काढते. बाबा, गुडघ्याचे व्यायाम आजपासून रोज, आईने समोर बसून करून घ्यायचे. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. तुम्हाला चालवत नाही म्हणून नव्हे हो, तिथे रांगाच फार लांब असतात, आणि आईला एकटीला सामान सांभाळून धावपळ व्हायला नको. लोणच्याची बरणी आणायचीच असेल तर एकच, घट्ट बांधून. पारिजातकाच्या पाण्याचं मी शेजारच्या काकूंशी बोलले आहे, त्या आनंदाने हो म्हणाल्या.

रविवारी फोन करते. तेव्हा दोघांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, आणि "नाही" म्हणायचं असेल तर आधी आईने बोलायचं, बाबांनी नाही.

तुमची,
मनू